शहर पेटतं तेव्हा नेमकं काय पेटतं?

३ मे २०१६, मंगळवार. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅकमरे शहरात सकाळ उजाडली ती स्वच्छ, निळ्या आकाशाची. रविवारी दुपारी शहराच्या नैर्ऋत्येला जंगलात आग दिसली होती आणि दोन दिवस धुराचे लोट लोकांच्या नजरेत होते. त्या सकाळी मात्र धूर जवळजवळ दिसेनासा झाला होता. मुलं शाळेत गेली, मोठी माणसं कामावर गेली. अकराच्या सुमारास अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी पत्रकारांसमोर येऊन बजावलं, की आकाशाकडे पाहून निर्धास्त राहू नका, हवा आज बिघडणार आहे.

दुपार कलायच्या आत आग शहराच्या वेशीवर होती. आधी एक वस्ती, मग दुसरी, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं शहर रिकामं करण्याचा हुकूम निघाला. सुमारे ८८,००० माणसांना घर सोडून निघायचं होतं. शहरातून बाहेर नेणारा महामार्ग एकच, क्रमांक ६३. उत्तरेला तो तेलाच्या खाणींपाशी जाऊन संपतो, आणि दक्षिणेला एडमंटन हे मोठं शहर चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. मधे जंगलच जंगल.

शहर म्हटलं की रुंद डांबरी रस्ते आले, मोकळी मैदानं आली, बंब आले, कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचे नळ आले. फोर्ट मॅकमरेत तर मधोमध अथाबास्कासारखी भलीमोठी नदी वाहते. हे सगळं असताना जंगलातली आग शहरात शिरते कशी? या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि दर टप्प्यावर थक्क होत गेलो. आगीबद्दल आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंचसं चूक निघतं.

लाकूड जळत नाही

सुरुवात घरातल्या मेणबत्तीपासून करू. मेणबत्ती पेटवा, मिनिटभर नीट जळू द्या आणि हलकेच फुंकून विझवा. वातीतून धुराची एक पांढरी रेघ वर चढेल. आता पेटती काडी वातीला लावू नका. वातीच्या बोटभर वर, त्या रेघेत धरा. ज्योत त्या रेघेवरून सरकन खाली येते आणि वातीवर जाऊन बसते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, तेव्हा हाच प्रयोग करून दाखवला होता. ती पांढरी रेघ म्हणजे मेणाची वाफ. पेटते ती वाफ.

झाडाचंही तसंच आहे. लाकूड घनरूपात असताना त्याची ज्वाळा होत नाही. उष्णता लागली की आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग तापमान दोनशे-तीनशे अंशांच्या घरात गेलं, की लाकूड फुटू लागतं आणि त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हवेत मिसळून पेटतात ते हे वायू. म्हणजे आगीचं पहिलं काम पाणी काढून टाकण्याचं. झाडात पाणी जितकं जास्त, तितकी आगीची ताकद त्यातच खर्च होते. जंगल पेटणार की नाही, हे म्हणूनच ठिणगीपेक्षा पाण्यावर जास्त ठरतं.

सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात लागणारा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत धावतो. वाळकं गवत, पाचोळा, झुडपं खात तो डोंगर चढतो. मोठी झाडं होरपळतात, पण बरीचशी उभी राहतात. फोर्ट मॅकमरेभोवतीचं जंगल वेगळ्या घडणीचं आहे. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरिया अशी पृथ्वीच्या माथ्याभोवती जी सूचिपर्णी जंगलांची मेखला आहे, त्या बोरिअल जंगलाचा हा एक तुकडा. त्यात काळा स्प्रूस नावाचं झाड फार. दिसायला सडपातळ, पण त्याच्या फांद्या अगदी जमिनीपासून सुरू होतात. खालच्या फांद्या वाळलेल्या, त्यांच्यावर दगडफुलाच्या जातीचं कोरडं शैवाक लोंबत असतं, आणि सुयांमध्ये राळ असते. जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला ही तयार शिडीच. एकदा आग शेंड्यांवर पोचली, की ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वरच्या वर धावते. तिच्यासमोर माणूस उभा राहू शकत नाही.

मे महिनाच का?

मे महिना तिथे वसंताचा. नुकतंच बर्फ वितळलेलं असतं. अशा दिवसांत जंगल ओलं असायला हवं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वर्षातला एक धोकादायक काळ नेमका हाच.

बर्फ गेलेलं असतं, पण नवी पालवी अजून फुटलेली नसते. ॲस्पेनची झाडं उघडी-बोडकी असतात, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडतं. गेल्या वर्षीचं गवत वाळून सपाट झालेलं असतं. आणि सूचिपर्णी झाडांच्या आत एक विलक्षण गोष्ट घडत असते. नवे कोंब फुटण्याआधी झाड आपल्या जुन्या सुयांमध्ये स्टार्च साठवत जातं. सुयांचा कोरडा भाग वाढतो आणि त्या मानाने पाण्याचं प्रमाण वर्षातल्या सर्वात खालच्या पातळीला येतं. कॅनडातले वनशास्त्रज्ञ याला वसंतातली घसरण म्हणतात. झाड हिरवंगार दिसतं, पण पेटायला ते कधी नव्हे इतकं तयार असतं. नव्या पालवीसाठी जमवलेली शिदोरीच त्या दिवसांत त्याच्या जिवावर उठते.

त्यात २०१५-१६ चा हिवाळा एल निन्योच्या प्रभावाखाली उबदार आणि कोरडा गेला होता. बर्फ कमी पडलं आणि लवकर वितळलं.

तिथले वणवा विझवणारे लोक 'क्रॉसओव्हर' हा शब्द वापरतात. हवेतल्या आर्द्रतेचा टक्का हा सेल्सिअसमधल्या तापमानाच्या आकड्याखाली उतरला, की क्रॉसओव्हर झाला. उदाहरणार्थ तापमान २५ आणि आर्द्रता २४ टक्के. नियम ढोबळ आहे, पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेला, की हे दोन आकडे एकमेकांना ओलांडताना दिसले की अनुभवी माणसं सावध होतात. ३ मे रोजी फोर्ट मॅकमरेत तापमान ३२ अंशांच्या वर गेलं. त्या तारखेचा तो विक्रम होता. आर्द्रता होती १२ टक्क्यांच्या आसपास. हे दोन आकडे एकमेकांना नुसते ओलांडून गेले नव्हते, त्यांच्यात वीस अंकांची दरी पडली होती.

मग सकाळी आकाश निळं कसं होतं? रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर त्या झाकणाखाली जंगलातच पसरून राहतो, वर चढत नाही. आगीला वारा मिळत नाही, ती डुलक्या घेत असल्यासारखी मंद होते. ऊन चढलं, जमीन तापली, की हे झाकण फुटतं. बंद पडलेलं धुराडं एकदम मोकळं व्हावं तसं होतं. गरम हवा सरळ वर झेपावते, तिची जागा घ्यायला खालून आणि बाजूने वारा धावतो, आणि आग जागी होते. त्या मंगळवारी दुपारी हेच घडलं. निळं आकाश धोका टळल्याची खूण नव्हती. आग अजून झाकणाखाली होती, एवढाच त्याचा अर्थ होता.

नदी ओलांडणारी आग

वणव्याची ताकद मोजायला शास्त्रज्ञ एक साधं माप वापरतात: आगीच्या आघाडीवरच्या प्रत्येक मीटरमधून दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडते. हा आकडा मीटरमागे १०,००० किलोवॅटच्या पुढे गेला, की विमानातून ओतलेलं पाणीही आघाडी थोपवू शकत नाही, असा तिथला ठोकताळा आहे. एका मीटरच्या रेषेत एक किलोवॅटच्या दहा हजार विजेच्या शेगड्या एकदम पेटवल्या आहेत अशी कल्पना करा. शेंड्यांवरून धावणारी आग ही रेषा सहज ओलांडते आणि तिच्या कितीतरी पट पुढे जाते.

एवढी उष्णता सरळ वर जाते आणि धुराचा, तप्त हवेचा उंच खांब उभा राहतो. तो खांब जळत्या साली, डहाळ्या, शंकू वर उचलतो आणि वारा त्यांना पुढे नेऊन टाकतो. आग एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जाते हे आपलं चित्र इथे मोडतं. ती स्वतःच्या पुढे निखारे फेकते. प्रत्येक निखारा कोरड्या जागी पडला की नवी आग. त्या छोट्या आगी मोठ्या होतात आणि मागून येणारी आघाडी त्यांना येऊन मिळते. अथाबास्का नदी या आगीने अशीच पार केली. पाणी ज्वाळेला अडवतं, पण डोक्यावरून उडत जाणाऱ्या निखाऱ्याला कसं अडवणार? कोकणात राब भाजणारा शेतकरी आधी वारा पाहतो, त्याचं कारण हेच.

धुराचा खांब आणखी वर गेला, की तिथल्या थंडीत त्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि वणव्यातून वादळी ढग जन्माला येतो. त्याचं नाव पायरोक्युम्युलोनिम्बस. नासाने त्याला ढगांमधला आग ओकणारा ड्रॅगन म्हटलं आहे, आणि ते शब्दशः खरं आहे. या ढगात वीज तयार होते. ती आघाडीच्या खूप पुढे जंगलात कोसळते आणि नवे वणवे लावते. पाऊस मात्र फारसा पडत नाही. फोर्ट मॅकमरेच्या आगीनेही असे ढग उभे केले, त्यांच्यातून विजा पडल्या आणि त्यांनी नव्या आगी पेटवल्या. आग हवामानाच्या हातातलं खेळणं असते हे आपल्याला माहीत असतं. एका मर्यादेपुढे ती स्वतःचं हवामान घडवते, हे कळल्यावर अंगावर काटा येतो.

आकडे बघा. १ मे रोजी पहिल्यांदा दिसली तेव्हा आग होती सुमारे २ हेक्टर. ४ मे रोजी सुमारे १०,००० हेक्टर. ५ मे रोजी ८५,००० हेक्टर. अखेरीस तिने जवळजवळ ५ लाख ९० हजार हेक्टर जंगल जाळलं, म्हणजे दीड गोव्याहून मोठा मुलूख. सरकारदरबारी तिचा क्रमांक होता एमडब्ल्यूएफ-००९. अग्निशमन प्रमुख डार्बी ॲलन यांनी तिला 'द बीस्ट' म्हटलं, श्वापद, आणि सगळ्यांनी तेच नाव धरलं.

एक रस्ता, ८८,००० माणसं

त्या दुपारी गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले व्हिडिओ आजही पाहायला मिळतात. भर दुपारी अंधारून आलेलं आहे, गाड्यांचे दिवे लागले आहेत. काचेवर राख आणि ठिणग्या येऊन आपटताहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं जळताहेत, मधूनच ज्वाळेची जीभ डांबरावर येते. आणि या सगळ्यातून गाड्या एकामागून एक, आपापल्या रांगेत, मुंगीच्या वेगाने पुढे सरकताहेत. बीकन हिल नावाच्या वस्तीला बाहेर पडायला एकच रस्ता होता, आणि तिथले लोक असेच बाहेर पडले.

संकटात माणसं सैरावैरा धावतात, एकमेकांना तुडवतात, असं चित्रपट आपल्याला दाखवत आले आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ई. एल. क्वारँटेली यांनी अनेक दशकं आपत्तींचा अभ्यास केला आणि त्यांना उलट आढळलं: खरी आपत्ती येते तेव्हा घबराटीची चेंगराचेंगरी क्वचित होते. माणसं आधी शेजाऱ्याला विचारतात, घरच्यांना गोळा करतात आणि मग निघतात. फोर्ट मॅकमरेची ती संथ रांग या संशोधनाचा जिवंत पुरावा होती.

रुग्णालयातून शंभराहून अधिक रुग्ण हलवले गेले. दक्षिणेचा रस्ता आगीमुळे अडला, तेव्हा सुमारे २५,००० माणसं उत्तरेला वळली. तिथे तेल कंपन्यांनी कामगारांसाठी बांधलेल्या मोठमोठ्या वसाहती होत्या. त्यांचे दरवाजे उघडले गेले. पण उत्तरेला पुढे रस्ताच नाही. काही जणांना खाणींच्या खासगी धावपट्ट्यांवरून विमानाने बाहेर काढलं. उरलेल्यांसाठी ६ मे रोजी ताफे निघाले. पोलिसांच्या गाड्यांच्या मधे पन्नास-पन्नास वाहनं, वरून हेलिकॉप्टरची नजर, आणि रस्ता जळत्या शहरातून. मुलांनी आपली वस्ती गाडीच्या काचेतून पाहिली.

महामार्गावर कित्येक गाड्यांचं इंधन संपलं. आसपासच्या गावांतले लोक पेट्रोलचे कॅन, पाणी, खाण्याचं घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातले कर्मचारी मागे राहिले, कारण ते गेले असते तर बंबांच्या नळीत पाणी उरलं नसतं.

या आगीत जळून एकही माणूस दगावला नाही. शहर सोडून जाताना दूरच्या एका रस्त्यावर झालेल्या अपघातात दोन जिवांचा अंत झाला. ते दुःख कुठल्याही आकड्याने हलकं होत नाही. तरीही एका दुपारी, एका रस्त्याने, आगीच्या मधून ८८,००० माणसं जिवंत बाहेर पडली, ही माणसाच्या शहाणपणाची मोठी कमाई आहे.

घर कोण पेटवतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शहरात सुमारे २,४०० इमारती जळाल्या. बीकन हिल, अबासँड, वॉटरवेज या वस्त्यांची धूळधाण झाली. पण शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग वाचला. आग शहरावरून वरवंट्यासारखी फिरली असती तर असं झालं नसतं. मग काही घरं गेली आणि काही का राहिली?

अशा आगीनंतरचे फोटो नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. घराच्या जागी राखेचा चौकोन उरलेला असतो, तळघराचा खड्डा, गंजल्यासारखी झालेली वॉशिंग मशीन. वाहनांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचं पाणी होऊन ते अंगणाच्या उतारावर ओघळून थिजलेलं असतं. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात. आणि या खड्ड्याच्या बाजूला एक झाड हिरव्या पानांनिशी उभं असतं. जंगलाची आग झाडांवरून घरापर्यंत आली असती, तर झाड आधी गेलं असतं.

जॅक कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी याच कोड्यावर आयुष्य वेचलं. मोंटाना राज्यातल्या मिझुला इथल्या अग्निसंशोधन प्रयोगशाळेत ते काम करत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशात संशोधकांनी मुद्दाम जंगलाचे तुकडे पेटवून शेंड्यांवरून धावणाऱ्या आगीचे प्रयोग केले. तिथे जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या गेल्या. समोर झाडांच्या कितीतरी वर जाणाऱ्या ज्वाळा. निकाल काय लागला? १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, काही नुसत्या करपल्या. २० आणि ३० मीटरवरची एकही भिंत पेटली नाही.

कारण साधं आहे. ज्वाळेची ती भयंकर झळ एका जागी जेमतेम मिनिटभर टिकते; आग पुढे निघून जाते. लाकडी भिंतीतून वायू बाहेर पडून पेट घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि अंतर वाढलं की झळ झपाट्याने उतरते. म्हणजे ज्या महाकाय ज्वाळांना आपण भितो, त्या वीस-तीस मीटरवरच्या घराला बहुधा हातही लावत नाहीत.

घर पेटवतो तो निखारा. कधी सुपारीएवढा, कधी नखाएवढा. तो छपराच्या पन्हाळीत साठलेल्या वाळक्या सुयांवर पडतो. लाकडी पायरीच्या फटीत अडकतो. भिंतीला टेकून लावलेल्या शोभेच्या झुडपात शिरतो, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यावर बसतो, माळ्याच्या जाळीतून आत जातो. तिथे तो शांतपणे धुमसतो. मुख्य आग निघून गेल्यावर अर्ध्या-एक तासाने घर आतून पेट घेतं. फोर्ट मॅकमरेच्या आगीनंतर पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनाही हेच आढळलं: पहिली घरं पेटली ती बहुतेक निखाऱ्यांमुळे, आणि ज्या घरांभोवतीचा परिसर स्वच्छ ठेवलेला होता ती वाचण्याची शक्यता जास्त होती.

पहिलं घर पेटलं की मग जंगलाची गरज उरत नाही. घर हेच इंधन. तिथल्या घरांच्या भिंतींना बाहेरून विनाइलचं आवरण, आत पॉलियुरेथेन फोमचे सोफे, गाद्या, नायलॉनचे गालिचे. सगळी खनिज तेलाची लेकरं. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या अमेरिकन संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या आहेत. जुन्या पद्धतीचं लाकडाचं आणि कापसाचं सामान असलेली खोली पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. आजच्या कृत्रिम सामानाची खोली चार मिनिटांच्या आत भडकली. घरं एकमेकांपासून दोन-चार मीटरवर असतील तर पुढचं घर या धगीनेच जातं. जंगलाची झळ मिनिटभराची असते. जळत्या घराची झळ तासभर टिकते. म्हणून अग्निशमन दलाच्या लोकांनी शेवटी काही ठिकाणी अवजड यंत्रं लावून धडधाकट घरं स्वतः पाडली आणि आगीच्या वाटेत मोकळी जागा तयार केली. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलात जाळरेषा काढतं. तिथे जाळरेषा घरांमधून काढावी लागली.

आगीवर वाढणारं जंगल

माणसांच्या दृष्टीने हा सगळा विध्वंस. जंगलाच्या दृष्टीने ही एक ऋतूसारखी येणारी घटना. तिथला जॅक पाइन आपल्या बिया शंकूंत ठेवतो आणि शंकू राळेने घट्ट बंद करतो. कित्येक वर्षं ते तसेच मिटलेले राहतात. पन्नास अंशांच्या आसपास राळ वितळते, म्हणजे सहसा वणव्यातच. मग शंकू उघडतात आणि राखेने पोसलेल्या, उन्हाला मोकळ्या झालेल्या जमिनीवर बिया सांडतात. ॲस्पेन वरून जळून जातो, पण मुळांतून शेकडो नवे कोंब काढतो. हे जंगल हजारो वर्षं जळत आणि उगवत आलं आहे.

तिथल्या क्री आणि डेने लोकांना हे ठाऊक होतं. वसंतात, जंगलाच्या सावलीत अजून बर्फ शिल्लक असताना, ते कुरणं आणि ओढ्याकाठचं गवत मुद्दाम जाळत. आग बर्फापाशी जाऊन आपोआप विझे, नवं गवत फुटे, प्राणी येत, आणि वाळकं इंधन साठून राहत नसे. हेन्री लुइस या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात उत्तर अल्बर्टातल्या वृद्धांकडून ही पद्धत समजून घेऊन नोंदवून ठेवली. तोवर सरकारने ती बंद पाडलेली होती. लहान आगी विझवत राहिल्याने मोठ्या आगीचं सरपण साठत गेलं, हे शहाणपण आता उशिरा परत येतं आहे.

त्यात हवा तापते आहे. पश्चिम कॅनडात २०१६ सारख्या टोकाच्या वणव्याच्या परिस्थितीची शक्यता माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे दीड ते सहा पट वाढली आहे, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. पुढच्या घटनांनी तो खराच ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी यलोनाइफ, सुमारे २०,००० वस्तीचं शहर, रिकामं झालं. त्या एका वर्षात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्राइतकं. जुलै २०२४ मध्ये अल्बर्टातल्याच जॅस्पर गावाचा तिसरा हिस्सा आगीत गेला. आणि मे २०२४ मध्ये फोर्ट मॅकमरेच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांना, बीकन हिल आणि अबासँडला, आठ वर्षांनी पुन्हा घरं सोडावी लागली. या वेळी आग दारातून परतली.

२०१६ ची ती आग ५ जुलैला आटोक्यात आली. पण जमिनीखालच्या कोळशासारख्या काळ्या दलदली मातीत ती बर्फाखालीही धुमसत राहिली. ती पूर्ण विझल्याची घोषणा झाली २ ऑगस्ट २०१७ रोजी, पंधरा महिन्यांनी. माणसं १ जूनपासून टप्प्याटप्प्याने परतली. ज्यांची घरं उभी होती त्यांनी दार उघडलं तेव्हा आधी वास आला तो फ्रीजचा. महिनाभर वीज नव्हती, आतलं सगळं सडलं होतं. फ्रीज न उघडता चिकटपट्ट्यांनी बांधून बाहेर काढले गेले, हजारो फ्रीज.

या सगळ्या वाचनातून मनात एक गोष्ट पक्की झाली. आकाशाला भिडलेली ज्वाळा, स्वतःची वीज पाडणारा ढग, नदी ओलांडणारी आग, यांच्यापुढे माणूस खरोखरच लहान आहे. पण घराचं भवितव्य बहुतेक वेळा ठरतं ते घराभोवतीच्या पहिल्या दहा मीटरमध्ये, आणि तिथे झाडू घेऊन जाणं आपल्या हातात असतं.

मराठी घरांतली मुलं आता अल्बर्टात आहेत, कॅलिफोर्नियात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांची घरं जंगलाच्या कडेला, झाडांच्या सावलीत असतात. फोटोत ती फार सुंदर दिसतात. पुढच्या वेळी फोनवर बोलताना हवापाण्याची चौकशी झाली की एवढं जरूर विचारा: छपराच्या पन्हाळीतला पाचोळा काढला का? भिंतीला टेकून सरपण तर रचलेलं नाही ना? आणि गावाबाहेर पडायला तुमच्याकडे रस्ते किती आहेत?